त्या सीटवर कुणी बसायचं नाही

खंडेनवमीला राहीबाईच्या घरी चार वस्तूंची पूजा होते. विळा, खलबत्ता, नवऱ्याचा, मच्छिंद्रचा, पान्यांचा डबा आणि पत्र्याच्या शेडमधली गाडी. विळ्याला, खलबत्त्याला आणि डब्याला एकेक झेंडू. गाडीला मात्र हातभर लांब माळ. शेजारची बनुबाई दरवर्षी आपल्या ओट्यावरून ठरलेलं बोलते, "काय गं राहे, नवऱ्याला कवा एवढी माळ घातली न्हाईस!" आणि राहीबाई दरवर्षी ठरलेलं उत्तर देते, "घातली की लग्नात. ती काय पुन्यांदा पुन्यांदा घालायची असती व्हय?"

आता गाडी म्हटलं की तुम्ही मोटार डोळ्यांसमोर आणाल. तसलं काही नाही. ही गवत कापायची गाडी. चार बुटकी चाकं, पुढं इंजिनाचं नाकाड, मध्ये माणसाला बसायला सीट, हातात गोल स्टेअरिंग आणि पोटाखाली पालथी घातलेली लोखंडी परात. परातीच्या आत दोन पाती गरगरतात, माणूस वर पाटलासारखा बसून फिरतो आणि खाली गवत एका उंचीत कापलं जातं. काष्टीच्या पंचक्रोशीत असली दुसरी गाडी नाही. त्यामुळं ज्यानं त्यानं आपापल्या अकलेनं तिचं बारसं केलेलं. कुणी म्हणे बुटका ट्रॅक्टर, कुणी म्हणे बसून चारा कापायची कुट्टी. बनुबाईला तर पहिली दोन वर्षं ते फवारणीचं यंत्र वाटत होतं. एकदा एक भंगारवाला दारात येऊन "मावशी, ती परातवाली स्कूटर देता का?" असं विचारून गेला. राहीबाईनं त्याला असा झाडला की पुढच्या दोन गल्ल्या बिचारा ओरडायचाच विसरला.

पण यंदा दसऱ्याला ज्ञानेश्वर आला आणि भंगाराचं नाव पोटच्या पोरानंच काढलं. ज्ञानेश्वर तिचा एकुलता एक, चाकणला कंपनीत. पोरगा वाईट नाही हो. उलट आईचे गुडघे धरतात, बाथरूम परसात लांब, पावसापाण्याचं घसरून पडली तर काय, म्हणून शेडच्या जागेवर तिच्यासाठी एक खोली आणि आतच बाथरूम बांधायचं त्यानं मनात घेतलेलं. "आई, दिवाळी झाली की पुढच्या रविवारी टेम्पो घिऊन येतो. चार वर्षं बंद हाय ती. नुसतं लोखंड झालंय."

नुसतं लोखंड! जीभ उचलायला काय जातं? राहीबाईनं गाडीवरची माळ नीट केली आणि सीटवरची टोपी उचलून, झटकून, परत होती तशी ठेवली. टोपी मच्छिंद्रची.

राहीबाई मूळची पाथर्डीकडची. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. लग्न झालं त्याच वर्षी राहीबाई आणि मच्छिंद्र असा एक कोयता होऊन इकडच्या कारखान्यावर आले. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. तिसऱ्या हंगामात कारखान्याच्या गेस्टहाऊसचा माळी काम सोडून गेला आणि मच्छिंद्रला पाना-पकड धरता येते हे बघून तिथल्या साहेबानं त्याला ठेवून घेतलं. राहीबाईला झाडलोटीचं काम मिळालं. कोयता सुटला. पुढं तीन-चार वर्षांनी एका लाकडी खोक्यातून ही गाडी आली, थेट बाहेरदेशातून. त्या वेळी लालभडक होती.

पहिल्या दिवशी मच्छिंद्र तिच्यावर बसून हिरवळीवर फिरायला लागला तेव्हा राहीबाई खराटा हातात धरून बघतच राहिली. तिला हसू आवरेना.

"अवो, बसून कापत्यात व्हय?"

"मग! आपुन उगं वाकून वाकून कंबरडं मोडून घेतलं." मच्छिंद्रनं गाडी तिच्यापाशी आणून थांबवली आणि खाली उतरला. "ये, बस. एक चक्कर मार. बघ कसं वाटतं."

"या बया! सायेब बगत्यात वर व्हरांड्यातून. माळीन गाडीवर बसली म्हनतील."

"म्हनूं दे की."

"उद्या बसंन," राहीबाई म्हणाली आणि पदर सावरून झाडायला लागली.

तो उद्या काही आला नाही. चोवीस वर्षं मच्छिंद्रनं त्या हिरवळीवर गाडी फिरवली, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा तरी सीटवर हात थोपटून तो म्हणायचाच, "बस की गं." कधी साहेबांचे पाहुणे असायचे, कधी राहीबाईच्या डोक्यावर गवताचा भारा असायचा, कधी लुगडं नवं असायचं तर कधी अगदीच जुनं. बाईमाणसाला नाही म्हणायला कारण कमी पडत नाही.

बाकी गाडीचं सगळं तिला ठाऊक. रोज काम झालं की मच्छिंद्र पुढची चाकं विटांवर चढवून परात खालून धुवायचा, कारण ओलं गवत चिकटून राहिलं की पत्रा खातं. शनिवारी पाती काढून कानस मारायचा. राहीबाई पातं पायाखाली दाबून धरायची. धार लावून झाली की मच्छिंद्र भिंतीतल्या खिळ्यावर पातं मधल्या भोकात अडकवायचा. एक बाजू खाली झुकली तर ती जड, तिच्यावर अजून कानस. दोन्ही बाजू समान राहिल्या की म्हणायचा, "झालं. आता गाडी थरथरनार न्हाई." संध्याकाळी घरी आला की त्याच्या सदऱ्याला, हाताला, केसांना ताज्या कापलेल्या गवताचा वास असायचा. उन्हाळ्यात सगळा मुलूख जळून कोळसा झालेला, विहिरी तळाला गेलेल्या, आणि हा माणूस अंगावर हिरवा वास घेऊन दारातून आत यायचा. राहीबाईला आता सगळ्यात जास्त आठवण कशाची येत असेल तर त्या वासाची. तो सदरा तिनं वर्षभर धुतला नव्हता. पण वास काय, किती दिवस थांबणार?

गेस्टहाऊस बंद झालं, हिरवळीवर गोदाम उभं राहिलं, तेव्हा साहेब म्हणाला, "मच्छिंद्र, इथं गंजून जाईल, तूच घेऊन जा." मच्छिंद्रनं गाडी टेम्पोत घातली नाही. सहा किलोमीटर रस्त्यानं स्वतः चालवत आणली, माणूस चालतो त्या चालीनं. मागं उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग, हॉर्नचा ठणाणा, आणि हा गडी पुढं नवरदेवासारखा. राहीबाई कडेनं पायी चाललेली.

"तू बस, मी चालतो," मच्छिंद्र वरून म्हणाला.

"हमरस्त्यावर? डोस्कं फिरलंय का तुमचं?"

घरी आल्यावर गवत नव्हतंच. तरी दर रविवारी मच्छिंद्र गाडीवर बसून चावी फिरवायचा आणि अंगणात दहा मिनिटं गोल गोल फिरवायचा. "तिला श्वास द्यावा लागतो," म्हणायचा. चार वर्षांपूर्वीच्या त्या रविवारीही त्यानं सीट थोपटली. "ये आता तरी. ह्या वयात कोन बगतंय आपल्याला?"

राहीबाई चुलीपुढून ओरडली, "तव्यावर भाकर हाय, करपंल!"

"तुझी भाकर!" मच्छिंद्र हसला. "माझ्याबिगर ही गाडी श्वास घेत न्हाई, आन् तुझ्याबिगर भाकर. बरं, पुढल्या रविवारी."

गुरुवारी सकाळी चहाचा कप हातात असताना तो गेला. कप फुटला नाही, सांडला नाही. कपात चहा तसाच राहिला.

तेराव्याला पाहुण्यांतलं एक पोरगं शेडमध्ये जाऊन सीटवर चढलं, तेव्हा राहीबाईनं त्याला बखोटीला धरून खाली उतरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "त्या सीटवर कुनी बसायचं न्हाई." मग घरातून त्याची टोपी आणून सीटवर ठेवली. तेव्हापासून कुणी बसलं नाही. सहा महिन्यांनी ज्ञानेश्वरनं गाडीच्या बाजूला उभं राहून चावी फिरवून बघितली. हूं नाही की चूं नाही. "बॅटरी गेली असंल," तो म्हणाला. नवी बॅटरी आणून जोडली, तरी तेच. गावातल्या आणखी दोघांनी पंप चालू करतात तसं बाजूला उभं राहून बघितलं. तेही हात पुसत गेले. गाडी मेली, असं सगळ्यांनी ठरवलं.

आता दिवाळी झाली, आणि बनुबाईची भाची आरती माहेरपणाला आली. ही आरती मिरजगावच्या बाजूला एका निवासी शाळेत खेळाची बाई. तिनं शेडमध्ये डोकावून बघितलं आणि ती एकदम म्हणाली, "अगं बाई, मावशी, ही तर गवत कापायची! आमच्या मैदानाला गवत लावलंय. चार गडी विळ्यानं कापत बसतात. चालू असेल तर आमची शाळा नेईल. सोमवारी गाडी पाठवते. पण चालू पाहिजे हं, बंद यंत्र मला कुणी घेऊ देणार नाही."

राहीबाईच्या जिवात जीव आला. गाडी दारातून जाणार हे तिला पटलं होतं. पोरगा खोली बांधतोय ती तिच्याच गुडघ्यांसाठी. पण भट्टीत जाणं वेगळं आणि गवतावर जाणं वेगळं. आणि मनात आतल्या बाजूला एक गोष्ट होती ती तिनं कुणालाच सांगितली नाही. जायच्या आधी एकदा, एकदाच, तिला तो आवाज ऐकायचा होता.

रविवारी टेम्पो येणार. हातात पाच दिवस. तिनं चांदभाईला बोलावलं.

चांदभाई म्हणजे बाजारतळामागचा मेस्त्री. पंप, कुट्टी, फवारणीचं यंत्र, जे येईल ते खोलणारा. मच्छिंद्रचा दोस्त. दोघं कधी एका चहावर थांबले नाहीत. मंगळवारी सकाळी तो पिशवी घेऊन आला, गाडीला एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, मच्छिंद्रनं मला हात लावू दिला नव्हता हिला कधी. म्हनायचा, चांद्या, तू कुट्टीवाला, हिच्या अंगाला तुझा हात लई खरबरीत. आता बघ म्हनावं."

"बगतोय तो," राहीबाई म्हणाली. "एकच सांगते भाऊजी. काय करायचं ते करा, पर त्या सीटवर बसायचं न्हाई."

"आपल्याला बसून काय करायचंय? खाली झोपायचंय."

आधी ही गाडी नेमकी कुठली, कुठलं मॉडेल, ते कळल्याशिवाय सामान मिळणार नव्हतं. कागद सगळे गेस्टहाऊसबरोबर गेलेले. "सीटखाली पाटी असती कंपनीची," चांदभाई म्हणाला आणि वाकून बघितलं. पाटीच्या जागी नुसता शेंदरी लेप. बोटभर जाड, दगडासारखा कडक.

"ह्ये काय?"

राहीबाई म्हणाली, "तिथंच पूजा करतो आमी. हळद, कुंकू, तेल. पैल्या खंडेनवमीपासून."

"तीस-पस्तीस वर्षांचं कुंकू?" चांदभाई खाली बसून हसायलाच लागला. "या अल्ला! देवाला आंघोळ तरी घालत्यात, वहिनी."

पण खरवडायला तो धजेना. पूजेची जागा, आणि तो परक्या देवाचा. राहीबाईनं मग स्वतःच चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि घासायला बसली. थर निघायला लागले. वरचे चार तिच्या हातचे, चार वर्षांचे, फिके. खालचे मच्छिंद्रच्या हातचे, गच्च, कारण तो तेल कधी हात आखडून घालत नसे. दुपारपर्यंत पत्र्याची पाटी उघडी पडली. अक्षरं, आकडे, सगळं ताजं राहिलेलं. कुंकवानं त्यावर गंज चढू दिला नव्हता. चांदभाईनं मोबाईलवर फोटो काढला आणि जीभ दाताखाली धरून आकडे वहीत उतरवून घेतले.

मग काम सुरू झालं. इंजिनावरचं झाकण काढलं तर आत उंदरांनी संसार थाटलेला, राहीबाईच्या जुन्या गोधडीचा कापूस त्यात. हवेची जाळी त्यांनीच भरून टाकलेली. टाकीतलं पेट्रोल आटून काकवीसारखं झालेलं, त्यामुळं कार्बोरेटर तुंबलेला. चांदभाईनं तो तारेनं, फुंकून, पुन्हा तारेनं मोकळा केला. प्लग नवा टाकला. पट्टा चिरलेला होता. त्याच्या मापानं सुतळी लावून कुट्टीचा पट्टा आणून बसवला. "चाचनीपुरता चालंल, शाळेला म्हनावं नंतर खरा टाका." तेल काढलं तर डांबर. नवं घातलं. राहीबाई पाने देत होती. दहाचा म्हटलं की दहाचा, बाराचा म्हटलं की बाराचा, डबा न बघता. चांदभाईनं एकदा थांबून तिच्याकडं बघितलं आणि पुढचा पाना नुसता हात पुढं करून मागितला.

गुरुवारी परात उलटी करायला गाडी एका अंगावर विटांवर चढवली, आणि चांदभाई थबकला.

"वहिनी, इतका नेटका गडी, आन् ह्ये बघा. धुतलीच न्हाई परात."

परातीच्या आत गवताची जाड पोळी. वाळलेली, राखाडी, पत्र्याला घट्ट धरून बसलेली. राहीबाई वाकली. गुडघे दुखत होते तरी वाकली. चोवीस वर्षं रोज परात धुणारा माणूस. ती हिरवळ शेवटची कापली त्या दिवशी तिनं स्वतः पाण्याची बादली भरून ठेवली होती, आणि तो म्हणाला होता, "आज नको." तेव्हा तिला वाटलं, दमला असेल.

तिनं पोळीचा एक तुकडा नखानं काढला, आणि घरात जाऊन वाटीत पाणी घेऊन त्यात टाकला. भिजला. वास आला. अगदी थोडा, असून नसल्यासारखा, पण आला. राहीबाई मोरीपाशी भिंतीला टेकून बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. चार वर्षांत अशी रडली नव्हती. बाहेरून चांदभाईनं "वहिनी, चौदाचा" अशी हाक मारली, मग पुन्हा मारली नाही. अर्ध्या तासानं ती बाहेर आली, चौदाचा पाना त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "तेवढं गवत काढू नका."

"वहिनी, पत्रा खातंय ते."

"मग एका कोपऱ्यातलं राहू द्या."

चांदभाईनं एका कोपऱ्यातलं राहू दिलं.

शुक्रवारी दुपारी सगळं जुळलं. त्यानं आपल्या टेम्पोची बॅटरी काढून जोडली, मोटारसायकलमधून बाटलीत अर्धा लिटर पेट्रोल काढून टाकीत ओतलं. ब्रेकच्या पट्टीवर वीट ठेवली. बाजूला उभा राहिला, तोंडानं बिस्मिल्ला म्हणाला आणि चावी फिरवली.

काही नाही.

फ्यूज बघितला, चांगला. स्टार्टरला बॅटरीची वायर थेट लावली तर इंजिन फिरायचं, पण ठिणगीच नाही. बल्बला दोन वायरी लावून त्यानं करंट कुठं मरतो ते शोधत शोधत शनिवारची दुपार केली. वायर इंजिनाच्या झाकणाखालून आत, मग सीटखाली जाते आणि तिथं संपते. तिथं हात घालायचा तर सीट उचलायला हवी, टोपी हलवायला हवी. चांदभाईनं हात मागं घेतला.

"मला वाटतं, आतून गेली, वहिनी," तो म्हणाला. त्याला तिच्याकडं बघवेना. "मच्छिंद्रला तोंड दाखवायची सोय राहिली न्हाई माझी."

राहीबाईनं त्याला चहा दिला. स्वतः घेतला नाही. उद्या टेम्पो येईल, दोघं धरतील, हूं म्हणून वर चढवतील. आवाज होईल तो लोखंडावर लोखंड आपटल्याचा. एवढंच आता ऐकायचं राहिलं होतं.

रविवारी सकाळी, अजून कोवळं ऊन होतं, चांदभाई पायात चपला न घालता धावत आला. हातात मोबाईल.

"वहिनी! वहिनी, आमी गाढवं! सगळं गाव गाढवं!"

त्यानं पाटीवरचे आकडे मोबाईलमध्ये घालून एक व्हिडिओ शोधून काढला होता. त्यात एक गोरा म्हातारा, अशीच गाडी. तो काय बोलत होता ते ना चांदभाईला कळत होतं ना राहीबाईला. पण करत होता ते कळत होतं. म्हातारा सीटवर बसला, चावी फिरवली, गाडी चालू. म्हातारा उठला, गाडी बंद. पुन्हा बसला, चालू. उठला, बंद. म्हातारा हसत होता.

"सीटखाली बटन हाय, वहिनी. मानसाचं वजन पडल्याबिगर ही चालूच हुत न्हाई. कुनी पडलं झडलं तर पाती थांबावी म्हनून कंपनीनं केलंय. गाडी मेलीच नव्हती हो! चार वर्षं आपुन बाजूला उभं राहून चावी फिरवतोय, आन् ती बिचारी वाट बघतीय कुनीतरी बसायची."

राहीबाई खाली बसली. माझ्याबिगर ही श्वास घेत न्हाई. तिला ती त्याची फुशारकी वाटली होती. तो उतरला की गाडी बंद व्हायची ते तिनं हजार वेळा बघितलं होतं, आणि हजार वेळा तिला वाटलं होतं की तो चावी फिरवतो.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"सोपं हाय. त्या दोन वायरी मी डायरेक्ट जोडतो. मग बसायची गरज न्हाई. न्हाईतर सीटवर एक धोंडा ठिवू."

"त्येंच्या जागेवर धोंडा?"

चांदभाई हळूच म्हणाला, "मी बसलो असतो, वहिनी. पर तुमी न्हाई म्हनालात."

"आन् वायरी जोडल्या तर शाळेतलं एखादं पोर पडलं खाली, तर पाती थांबायची न्हाईत?"

"न्हाई थांबायची."

राहीबाई उठली. घरात गेली. तव्यावर भाकरी होती, ती तिनं उतरवून ठेवली आणि चूल विझवली. बाहेर आली तेव्हा बनुबाई ओट्यावर उभी होती, समोरच्या घरातली सून दारात, रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं चांदभाईची आरडाओरड ऐकून थांबलेले. बघायला हवं तेवढं सगळं गाव होतं. राहीबाईनं सीटवरची टोपी उचलली, आपल्या पदराच्या टोकात बांधली, ओचा सावरला, आणि चांदभाईच्या खांद्यावर हात टेकून पाय वर टाकला.

सीट मऊ होती. इतकी मऊ असेल असं तिला वाटलं नव्हतं. सगळा जन्म वाकण्यात गेला, ऊस तोडताना, झाडताना, भारे उचलताना, आणि हा माणूस तिला नुसतं बस म्हणत होता.

"डावा पाय त्या पट्टीवर दाबा," चांदभाई म्हणाला. "दाबलात? आता चावी."

पहिल्यांदा खोकली. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा काळा धूर सोडला आणि लागली.

तोच आवाज. सुरुवातीला घसा खाकरल्यासारखा, मग एका लयीत आलेला. शेडचे पत्रे थरथरायला लागले. बनुबाईनं "अगं बया बया!" म्हणून तोंडावर हात ठेवला. चांदभाई दोन्ही हात वर करून नाचत होता, साठीचा माणूस. आणि राहीबाई स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून रडत होती आणि हसत होती, आणि काय म्हणत होती ते इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. ती म्हणत होती, "बसले, बरं का. बसले."

तेवढ्यात दारात ज्ञानेश्वरचा टेम्पो येऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कुणी वळून बघितलं नाही. ज्ञानेश्वर आत आला आणि शेडच्या तोंडाशी उभाच राहिला. त्याच्या आयुष्यात बापाशिवाय दुसरं माणूस त्या सीटवर त्यानं बघितलं नव्हतं. चांदभाईनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन चार शब्दांत सगळं सांगितलं. ज्ञानेश्वरनं डोळे पुसले, बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला हातानं परत जायची खूण केली, आणि पुन्हा आत येऊन आईच्या कोपराला हात लावला.

"झालं की आई, चालू झाली. शाळेला देऊ. आता उतर खाली, गुडघे दुखतील."

"उतरले की बंद पडंल," राहीबाई म्हणाली.

"पडू दे की. पुन्यांदा चालू करू."

राहीबाईनं त्याच्याकडं बघितलं. "तुझा बा तीस वर्षं बस म्हनत हुता रे. आज बसलेय, तर उतर म्हनतोस व्हय?"

ज्ञानेश्वर जाऊन ओट्यावर चांदभाईशेजारी बसला. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल होतं. ते संपेपर्यंत राहीबाई उतरली नाही.